दहाही बोटं शाबूत

गिटारवादक म्हणून मार्क नॉफ्लर मोठा की डेव्हिड गिल्मर, यावरून माझं आणि मेव्हण्याचं वाजलं नाही अशी भाऊबीज आमच्या घरात झालेली नाही. बायको निरांजनाचं ताट घेऊन उभी, मेव्हणा पाटावर टोपी घालून बसलेला, आणि तिथूनच तो मला गिल्मरच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गाण्यातल्या शेवटच्या गिटार सोलोबद्दल सुनावत असतो. “ओवाळून होईपर्यंत तरी दोघांनी तोंडं मिटा,” असं बायको म्हणते. मेव्हण्याचं मिटतं, कारण तेवढ्यात त्याच्या तोंडात लाडू कोंबला जातो. मी मात्र मिटत नाही. त्याला उलट बोलता येणार नाही अशी संधी मला वर्षातून एकदाच मिळते.

मेव्हणा गिल्मरपंथी आहे. त्याचं म्हणणं असं, की गिल्मर फार वाजवतच नाही. एक स्वर घेतो, तार वर ओढतो, हव्या त्या जागी नेऊन ठेवतो आणि थांबतो. “थांबायला अक्कल लागते, भाऊजी!” हे तो न थांबता अर्धा तास सांगतो. शिवाय गिल्मरची ती काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, हे तो अशा थाटात ऐकवतो, की दलाली याच्याच खात्यात जमा झाली असावी. (ते पैसे गिल्मरने पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. ही माहिती मेव्हणा शेवटासाठी राखून ठेवतो. म्हणजे मला काही बोलताच येत नाही.) या आकड्याने पेटून मी एकदा माझी गिटार विकायची किंमत काढायला दुकानात नेली होती. दुकानदाराने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, “कव्हर चांगलं आहे.”

मी नॉफ्लरपंथी. यामागे सांगीतिक कारण आहे असं मी चारचौघांत सांगतो. नॉफ्लर पिक, म्हणजे तारा छेडायची ती चपटी चकती, सहसा वापरत नाही; अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांनी तारा छेडतो. त्यामुळे स्वर टोचत नाही, बोलल्यासारखा येतो. हे सगळं खरंच आहे. पण त्याहून खरं कारण असं, की मलाही पिक धरता येत नाही. ते सुटून गिटारीच्या पोटात जातं आणि मग पाहुण्यांसमोर गिटार उलटी करून खुळखुळवत बसावं लागतं. नॉफ्लर ऐकल्यापासून या अडचणीला मी ‘शैली’ म्हणू लागलो. दुसरं असं, की हा माणूस आधी लीड्सच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होता, मग मास्तरकी केली, आणि त्याच्या ‘डायर स्ट्रेट्स’ बँडची पहिली रेकॉर्ड १९७८ साली आली तेव्हा तिशीला टेकला होता. उशिरा फळ येणारी माणसं मला फार आवडतात. तिशी मी कधीच ओलांडली, पण तत्त्व लागू आहे.

या वादात एक पथ्य पाळायचं असतं. जिमी हेंड्रिक्सचं नाव घ्यायचं नाही. त्याचा मोठेपणा सगळ्यांनाच मान्य आहे, त्यामुळे तो मान्य करण्यात आपला मोठेपणा दिसत नाही. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ साली १०० गिटारवादकांची यादी काढली, त्यात हेंड्रिक्स पहिला. २०२३ साली २५० जणांची काढली, त्यातही तोच पहिला. यादी दीडशेने वाढली तरी आमच्या सोसायटीतल्या कोणाचा नंबर लागला नाही, हे मी त्या मासिकाच्या दर्जाबद्दल बोलताना आवर्जून सांगतो.

माझी गिटार हॉलमध्ये असते. आत जागा आहे, पण आत कोणी येत नाही. उजव्या हाताची नखं मी वाढवलेली आहेत, आणि ती कशासाठी हे कोणी विचारेपर्यंत मी चहाचा कप त्याच हाताने धरतो. डाव्या हाताच्या बोटांना तारांनी घट्टे पडतात. ते घट्टे काचेच्या टीपॉयवर वाजवले की टकटक असा सुरेख आवाज येतो. घट्टे हल्ली नरम पडले आहेत, त्यामुळे मी नखं वाजवतो. “वाजवता का?” असं कोणी विचारलंच, तर “हल्ली वेळ कुठे मिळतो!” म्हणून उसासा टाकतो. या उसाशाचा रियाज मात्र नियमित आहे.

आता बोटांचा विषय निघालाच आहे. इथे मेव्हणा पाणी प्यायला उठतो. वाचकांनाही मोकळीक आहे.

जँगो राइनहार्ट नावाचा एक जिप्सी गिटारवादक पॅरिसच्या वेशीवर, चाकांवरच्या घरात राहायचा. त्याची बायको कचकड्याची फुलं करून विकायची. १९२८ साली एका रात्री मेणबत्तीने त्या फुलांनी पेट घेतला. कचकडं कसं पेटतं हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. जँगो १८ वर्षांचा होता. एक पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणत होते. त्याने कापू दिला नाही. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आखडलं ते कायमचं. गिटारवर स्वर दाबायचा हात नेमका डावा. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने उरलेल्या दोन बोटांचा नवा हिशेब मांडला. आडवी पळवण्याऐवजी बोटं दांडीवर उभी, वरखाली पळवायची. आखडलेली दोन बोटं बारीक तारांवर नुसती टेकवून कॉर्ड धरायची. १९३४ साली स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबर त्याचा पाच जणांचा ताफा उभा राहिला. त्यांच्या रेकॉर्ड्स आजही ऐका. दोन बोटांनी वाजवलंय हे कळत नाही. कळतं ते एवढंच, की माणूस खुशीत आहे.

पुढे ऐका. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा पोरगा कामाला होता. नोकरी सोडायचा शेवटचा दिवस. मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. पोरगा डावखुरा, म्हणजे स्वर दाबायचा हात उजवाच. आता आपली गिटार संपलीच असं धरून तो बसलेला असताना फोरमन घरी आला आणि त्याने एक रेकॉर्ड लावली. ती जँगोची. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोपणांचा आकार केला, वर कातडं चिकटवलं, दुखू नये म्हणून तारा बारीक लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. तारा सैल झाल्यावर आवाज खर्जात गेला, जड झाला. त्याआधीच, १९७० साली, त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडची पहिली रेकॉर्ड आली होती, आणि ज्याला लोक हेवी मेटल म्हणतात ते सुरू झालं होतं.

आणि बी. बी. किंग! त्याच्या आईचा मावसभाऊ बुका व्हाइट तारांवर नळी घसरवून वाजवायचा. बी. बी.ला ते काही जमेना. म्हणून त्याने तो आवाज नुसत्या बोटाने काढायचा खटाटोप केला. चित्रफितीत त्याचा डावा हात बघा. पहिलं बोट तारेवर, अंगठा गिटारच्या दांडीवरून सुटलेला, बाकीचा पंजा पाखराच्या पंखासारखा फडफडतोय. त्या फडफडीतून स्वराला जे आंदोलन मिळतं, ते एका स्वरात ओळखू येतं. गाताना आपल्याला वाजवता येत नाही आणि कॉर्ड आपल्याला जमत नाहीत, असं तो स्वतःच सांगायचा.

माझी दहाही बोटं शाबूत आहेत. दुर्दैव ते हेच. ‘एफ’ नावाच्या कॉर्डला पहिलं बोट पहिल्या पट्टीवर आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. माझ्या बोटाला दुसऱ्या पेराशी एक खळगा आहे आणि एक तार नेमकी त्या खळग्यात विश्रांती घेते. पाच तारा झंकारतात आणि एक ‘थप्’ म्हणते. कमतरतेतून शैली जन्माला येते हा सिद्धांत मी बायकोला जँगोसकट समजावून सांगितला. ती म्हणाली, “मग थप्ची शैली काढा.”

एवढं सगळं ऐकल्यावर माझं मत असं झालंय, की वेगाचं कौतुक करणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही. सेकंदाला अमुक इतके स्वर वाजवणारे वादक सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेला बसवावेत. तिथे मिनिटाला शब्द मोजायची सोय आहे. आपल्याकडे तानांचा पाऊस पाडणाऱ्याला लोक टाळी देतात, पण रात्री झोपताना आठवतो तो एखादा लावलेला षड्ज. इथे माझं आणि मेव्हण्याचं एकमत होतं. एकमत झालं की आम्ही लगेच विषय बदलतो.

तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा होता. स्टेजच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, चकाकत्या काळ्या शर्टातला गिटारवाला बसला होता. दोन गाण्यांच्या मध्ये पिक दातांत धरायचा. अॅम्प्लिफायरवर गाण्यांची यादी चिकटपट्टीने लावलेली. निवेदक विनोद सांगत होता आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून एक तार किंचित पिळून सुरात आणत होता. मग ‘कर्ज’ सिनेमातली ती धून सुरू झाली. ‘एक हसीना थी’च्या आधीची. भारतात ज्याने म्हणून गिटार हातात घेतली त्याने पहिल्या आठवड्यात जी वाजवायचा प्रयत्न केला, ती. शेवटच्या रांगेतल्या आज्जींपासून खांबावर चढलेल्या पोरांपर्यंत सगळा मांडव गप्प झाला.

मध्यंतरात मी नखं पुढे करून त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, “तुमच्यावर प्रभाव कोणाचा? नॉफ्लर? गिल्मर?”

त्याने चहाचा घोट घेतला. “गोरखजी,” तो म्हणाला.

“अर्थात!” मी म्हणालो आणि मान अशी डोलावली, की गोरखजींचा आणि माझा घरोबा असावा. मग खुर्चीवर येऊन मेव्हण्याला हळूच विचारलं. त्याला ती धून मुळात जॉर्ज बेन्सन या अमेरिकन गिटारवादकाच्या ‘वी अॅज लव्ह’वरून घेतलेली आहे हे तपशीलवार माहीत होतं. पण मुंबईत ती कोणी वाजवली, याबद्दल त्याचं तोंड लाडू न घालताच बंद झालं.

गोरख शर्मा. संगीतकार प्यारेलालजींचे धाकटे भाऊ. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि मुंबईतल्या कित्येक वादकांना त्यांनी नोटेशन शिकवलं. १९८० साली पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या गळ्यात होती, त्यामुळे चाळीसेक वर्षं आम्ही ती ऋषी कपूरचीच समजतो. आमच्या पिढीला नटाने कोणत्या रंगाचं जाकीट घातलं होतं ते आठवतं. डोंगरमाथ्यावर नायक वायर नसलेली इलेक्ट्रिक गिटार बडवतो, त्याच्या डाव्या हाताचं एक बोट हलत नाही, आणि आम्ही त्यावर खुशाल डोलतो. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक, झालंच तर निर्माता आणि त्याचे स्वर्गवासी वडील. वादकाचं नाव क्वचित.

इथे मला खरोखर राग येतो. ‘कम्फर्टेबली नम्ब’चा तो सोलो गिल्मरने पाच-सहा वेळा निरनिराळा वाजवला आणि चांगले चांगले तुकडे निवडून जोडले, हे त्यानेच सांगितलंय. त्यात गैर काही नाही, सोय होती म्हणून केलं. आमच्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये पन्नास-साठ वादक आणि गायक एकदम बसायचे. एकाचं बोट घसरलं की सगळ्यांचा टेक वाया. त्या धाकात ‘चिंगारी कोई भडके’च्या सुरुवातीचा तो उदास कॉर्ड वाजवला भानू गुप्तांनी. हे गृहस्थ रंगूनमध्ये जन्मलेले, मूळचे माउथ ऑर्गनवाले. ‘शोले’त अमिताभ पायरीवर बसून वाजवतो तो माउथ ऑर्गनही त्यांचाच. ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंगांची, ते गायक म्हणून तरी माहीत झाले. अशा मंडळींना गाठून, त्यांना नावानिशी प्रश्न विचारून, ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली लिहिलं ग्रेगरी बूथ यांनी. ते तेव्हा ऑकलंडच्या विद्यापीठात शिकवायचे. ऑकलंड न्यूझीलंडमध्ये आहे. दादरहून ताडदेवला बस जाते.

मेव्हण्याला हे मी पुढच्या भाऊबीजेला ऐकवलं. तो म्हणाला, “पण भाऊजी, बेन्सनने मूळ धून केली, यांनी नुसती वाजवली.” मी म्हणालो, “गिटार वाजवायचीच असते.” मग आमचं पुन्हा जुंपलं आणि निरांजनातलं तूप संपलं.

भानू गुप्ता आणि गोरख शर्मा, दोघेही २०१८ साली गेले. भूपिंदर २०२२ साली. तुमच्या घरात जुनी रेकॉर्ड किंवा कॅसेट असेल, आणि तिच्यावरच्या एखाद्या तुकड्याचा वादक तुम्हाला ठाऊक असेल, तर कव्हरवर कोऱ्या जागी पेनाने नाव लिहून ठेवा. ओळखीतला एखादा म्हातारा वादक हयात असेल तर आधी त्याला फोन करा आणि विचारून घ्या. वाद नंतर घालू.