लिलाव संपला, आता संघ बांधा

गावच्या प्रीमियर लीगचा लिलाव सुरू झाला की पहिला अर्धा तास षटकारवाल्यांचा असतो. मागच्या मोसमात मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडवर कुणी एका षटकात सामना फिरवला, कुणाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला, त्याच्यावर बोली चढत जाते. ‘तो माका व्हयोच’ असं संघमालक एकदा बोलून बसला की मागं हटत नाही. लिलावासाठी मिळालेले निम्मे पॉइंट दोन-तीन नावांतच संपतात. उरलेल्या पॉइंटांत सगळे गोलंदाज, यष्टिरक्षक आणि सीमारेषेवर धावणारी पोरं भरायची. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, देवगड, सिंधुदुर्गातला तालुका कुठलाही घ्या, हेच चालतं. याला संघबांधणी म्हणायला मी तयार नाही.

संघबांधणी शिकायची असेल तर बेसबॉलकडं बघा. आपल्याकडं तो खेळ फारसं कुणी खेळत नाही, मान्य. पण ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ नावाचा एक संगणकावरचा खेळ आहे, मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसानं 1999 साली काढलेला. त्यात बॅट फिरवायची नाही, चेंडू टाकायचा नाही. तुम्ही संघाचे व्यवस्थापक. पैसे मोजके. करार तुम्ही करायचे, नवी पोरं तुम्ही हेरायची, अदलाबदल तुम्ही करायची. सामने संगणक खेळतो. ऑनलाइन लीगमध्ये समोरचे संघही तुमच्यासारखीच माणसं चालवतात, आणि मोसम असतो 162 सामन्यांचा. खेळाडू जखमी होतात, थकतात, म्हातारे होतात. सुरुवातीचा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, एकदा खेळला की साधारण चार दिवस त्याला विश्रांती. म्हणजे एक हिरा घेऊन भागत नाही, पाच लागतात, आणि पाचांतला एक मोडला तर सहावा तयार लागतो.

याची गल्लत फँटसी क्रिकेटशी करू नका. 2008 साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हननं घराघरात ‘टीम लावणं’ नेलं. शंभर क्रेडिट, अकरा नावं, कप्तानाला दुप्पट गुण, उपकप्तानाला दीडपट. सामना संपला की संघही संपला. उद्याचा विचार नाही, चुकीची दुरुस्ती नाही. त्यात पैसा होता म्हणून कोकणातल्या एसटी स्टँडवरसुद्धा पोरं मोबाइलात डोकं घालून बसत होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, राष्ट्रपतींची सही 22 ऑगस्टला झाली आणि पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या. मला त्याचं दुःख नाही. पोरांना संघ रचायची जी हौस लागली होती, ती मात्र वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. तिला मोसमभर चालणारं, पैसे न लावता खेळायचं काही तरी द्यायला हवं. आणि असं एक आपल्या दारातच आहे, गावची लीग.

फक्त ती डोकं लावून चालवायची तयारी हवी.

पहिला प्रश्न मैदानाचा. अमेरिकेत डेन्व्हरचं कूर्स फील्ड हे बेसबॉलचं मैदान समुद्रसपाटीपासून जवळजवळ एक मैल उंचावर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो. 1999 च्या एका मोसमात तिथं 303 होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, झाले. शेवटी 2002 पासून चेंडू दमट कपाटात ठेवायची वेळ आली. तिथं ज्याचे फटके कुंपणापार जातात, तोच फलंदाज समुद्रकाठच्या मैदानावर झेल देऊन परततो. म्हणून त्या संगणकी खेळात प्रत्येक मैदानाचा गुणक वेगळा असतो, आणि हुशार व्यवस्थापक आधी आपलं घरचं मैदान बघतो, मग माणूस.

आपल्याकडं हे कोण बघतं? लेदरचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो, गावच्या लीगमधला टेनिसचा त्याहून कितीतरी हलका. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की किनाऱ्याजवळच्या मैदानावर हा हलका चेंडू हवेत थांबतो, वळतो, झेल घेणाऱ्याला चकवतो. सकाळच्या सामन्यात ज्या टोकाकडं षटकार सोपा असतो, दुपारी त्याच टोकाकडं मारणं म्हणजे विकेट देणं. वाऱ्याच्या तोंडावर हळू चेंडू टाकणारा गोलंदाज त्या वेळी सोन्याचा, पण लिलावात तो शेवटच्या यादीत पडून असतो. ज्या मैदानाच्या एका बाजूला सीमारेषा जवळ आहे, तिथं डावखुरा घ्यायचा की उजवा, याचा विचार बोली लावताना झाला पाहिजे. रमाकांत आचरेकर मूळ मालवणचे. त्यांनी सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून मुंबईत एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेलं, सामन्यांमागून सामने खेळवले. पोरगं दर मैदानावर नव्यानं शिकतं हे त्या माणसाला कळलेलं होतं. त्यांच्या गावच्या मातीत आपण अजून एकाच षटकाराच्या व्हिडिओवर पॉइंट उधळतो, याचा मला राग येतो.

दुसरा प्रश्न नियमांचा. 2023 मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलनं बेस, म्हणजे धावताना गाठायचे चौकोनी टप्पे, 15 इंचांचे 18 इंच केले, पिचरला घड्याळ लावलं, बेसवरच्या धावपटूला रोखून धरायच्या त्याच्या सवयीवर मर्यादा आणली. आदल्या मोसमात 2,486 बेस चोरले गेले होते, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून गाठले होते, त्या मोसमात 3,503. चपळ पण हलक्या हाताचा खेळाडू एका हिवाळ्यात महाग झाला. ज्यांनी नियम वाचून माणसं घेतली त्यांचं फावलं.

आयपीएलमध्ये त्याच वर्षी इम्पॅक्ट प्लेअर आला आणि अष्टपैलूची गरज घटली. बारावा माणूस आहे म्हटल्यावर फलंदाज बेधडक मारू लागले. 15 एप्रिल 2024 ला हैदराबादनं बंगळूरविरुद्ध 3 बाद 287 धावा केल्या. या नियमामुळं अष्टपैलू मागं पडतील, असं रोहित शर्मानं त्याच महिन्यात उघड सांगितलं, आणि मला ते पटतं. टेनिस चेंडूवरच्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगनं मार्च 2024 मध्ये ठाण्यात पहिला मोसम भरवला, तोही स्वतःचे नियम घेऊन: टेप लावलेल्या चेंडूचं षटक, आणि ठरलेल्या धावा केल्या तर बक्षीस, नाही तर वजाबाकी असं एक षटक. गावच्या स्पर्धांत तर दर आयोजकाचा नियम निराळा. षटकं किती, एका गोलंदाजाला किती, वाइडला काय. हे पत्रक लिलावाच्या आधी नीट वाचणारे संघमालक मोजके. एका गोलंदाजाला जर दोनच षटकं मिळणार असतील, तर तुमच्या महागड्या गोलंदाजाची किंमत तिथंच अर्धी झाली, हा हिशेब करायला शाळेतलं गणित पुरतं.

किंमत हा तिसरा प्रश्न, आणि इथं सगळे 2002 च्या ओकलंड या बेसबॉल संघाची गोष्ट सांगतात. ओकलंडचा पगारखर्च सुमारे 4 कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा तिपटीहून अधिक. दोघांनीही 103 सामने जिंकले. बिली बीन या व्यवस्थापकानं असे फलंदाज घेतले जे देखणे खेळत नव्हते, पण कसेही करून पहिल्या बेसवर पोचत होते. बाजारात त्या गुणाला भाव नव्हता. मात्र गोष्टीचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. 2003 मध्ये त्यावर पुस्तक आलं, सगळ्यांना युक्ती कळली, त्या गुणाचा भाव वाढला आणि श्रीमंत संघांनीही तोच माल उचलला. 2004 ला त्यांतलंच बॉस्टन विजेतं ठरलं. स्वस्तात मिळालेला गुण दुसऱ्या वर्षी स्वस्त राहत नाही. मागच्या वर्षी जिंकलेल्या संघाची नक्कल करणारा म्हणूनच नेहमी एक मोसम उशिरा पोचतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. 2008 ला आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्स 6 कोटी 70 लाख डॉलरला विकला गेला, आठांतला सर्वांत स्वस्त संघ. सर्वांत महाग मुंबई, ती पाचवी आली. राजस्थाननं 1 जूनला नवी मुंबईत अंतिम सामना जिंकला. त्यांचा एक सलामीवीर होता गोव्याचा स्वप्नील असनोडकर, बांद्याच्या पलीकडचा. देशात त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं. पहिल्या सहा षटकांत क्षेत्ररक्षक आत असतात, तेव्हा न घाबरता मारणारा माणूस कप्तान शेन वॉर्नला हवा होता, तो त्याला मिळाला. नऊ सामन्यांत 311 धावा. दुसऱ्या वर्षी लोकसभा निवडणुकीमुळं स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. खेळपट्ट्या बदलल्या, उसळी बदलली. असनोडकरची बॅट तिथं चालली नाही आणि राजस्थान सहावा आला. पोरगा तोच होता, वॉर्नही तोच. ज्या जागेसाठी संघ बांधला होता ती जागा उरली नव्हती.

आता सिंधुदुर्गातला खरा प्रश्न, ज्याची बोली लागते तो त्या दिवशी येणार का?

आमच्या स्पर्धा दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाआधी संपतात. मासेमारीची बंदी असते 1 जून ते 31 जुलै. म्हणजे क्रिकेटचा सगळा मोसम हा समुद्राचाही मोसम. ट्रॉलरवर गेलेला वेगवान गोलंदाज शनिवारी बंदरात येईल की सोमवारी, हे मासळी ठरवते. तारकर्ली-देवबागला स्कूबा आणि होड्यांवर काम करणाऱ्या पोरांची खरी कमाई शनिवार-रविवारी, आणि सामनेही नेमके त्याच दिवशी. मार्च लागला की देवगडच्या पोरांना आंब्यापासून मान वर करायला फुरसत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल लागल्यावर ठरते, आणि ती ठरली की त्या टापूत सामना ठेवायचा विचारही कुणी करत नाही. चाकरमानी मे महिन्यात हमखास भेटेल, पण फेब्रुवारीतल्या उपांत्य सामन्याला मुंबईहून रात्रभर रेल्वेनं येऊन सकाळी खेळायला उतरला तर त्याच्या पायांत काय उरलं असेल?

ही पोरं बेजबाबदार नाहीत. घर चालवून खेळतात, त्याबद्दल मला त्यांचा अभिमान आहे. चूक संघमालकाची, जो हे ठाऊक असूनही अकरा नावांवर संघ उभा करतो आणि पंधरावा माणूस केवळ फोटोपुरता ठेवतो. 162 सामन्यांचा मोसम चालवणारा बेसबॉलचा व्यवस्थापक ज्या पाचव्या-सहाव्या पिचरसाठी रात्र जागवतो, तो पिचर आपल्याकडं म्हणजे रविवारी नक्की मोकळा असणारा, मध्यम गतीनं सरळ टाकणारा शाळामास्तर. त्याला मूळ किमतीत घ्या आणि आधी घ्या. चार सामने खेळणाऱ्या षटकारवाल्यापेक्षा सगळे सामने खेळणारा साधा माणूस तुम्हाला उपांत्य फेरीत नेईल.

आयोजकांनाही दोन शब्द. लिलावाच्या अर्जावर खेळाडूचं वय आणि फोटो मागता, तसं तो कोणत्या आठवड्यांत मोकळा आहे तेही मागा आणि ते लिलावात मोठ्यानं वाचा. सगळे पॉइंट एकाच रात्री संपवायची सक्ती काढा. थोडे मागं राखून मोसमाच्या मध्यावर एकदा अदलाबदल करू द्या. लिलावात चुकलेल्या संघाला सावरायची वाट मिळेल, आणि चौथ्या सामन्यालाच बाद झालेल्या संघाची पोरं मैदानाकडं पाठ फिरवणार नाहीत. आज बहुतेक ठिकाणी क्रिकहिरोजसारख्या ॲपवर चेंडूचेंडूची नोंद होते, तरी लिलावाच्या रात्री ती कुणी उघडत नाही. कोण दुपारी चांगला टाकतो, कोण शेवटच्या दोन षटकांत मार खातो, कुणाचे झेल सुटतात, यातलं बरंचसं तिथं लिहिलेलं असतं. उरलेलं मैदानाच्या कडेला बसून लिहिणाऱ्या स्कोअररला तोंडपाठ असतं. पुढच्या लिलावाला त्याला चहा-वडापाववर बोळवू नका. संघमालकाच्या शेजारी खुर्ची द्या, मानधन द्या आणि पहिली बोली लावायच्या आधी त्याला विचारा.