महिरपी कंसाचा मान

धुळ्या-जळगावकडे कम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल परीक्षक आले, की आधी जर्नलचं ब्राऊन पेपरचं कव्हर बघतात, मग इंडेक्स, आणि मग पहिल्याच प्रोग्रामवर लाल पेन टेकवतात. प्रोग्राम तरी कसला, दोन आकड्यांची बेरीज. रेघी पानावर सी लँग्वेज, समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आउटपुट: पाच आणि सात, बारा. बेरीज बरोबर आलेली असते हीच पंचाईत. मग बोलायला कंसच उरतो.

"हा महिरपी कंस खालच्या ओळीवर का घेतला? आणि आत एवढीशीच जागा?"

"सर, पन प्रोग्राम चाली राह्यना ना!"

जागा टॅबने सोडावी की स्पेसने, यावर जगभर हमरीतुमरी झाली आहे. हाताने लिहिलेल्या जर्नलात टॅब म्हणजे बोटभर जागा, आणि बोट ज्याचं त्याचं. कंसाबाबत तर गुरुघरीच दोन रीती. कर्निगहॅन आणि रिची यांच्या सी लँग्वेजवरच्या १९७८च्या पुस्तकात फंक्शनचा कंस नव्या ओळीवर बसतो, 'व्हाइल'चा मात्र त्याच ओळीला चिकटून. लिनक्सवाले आठ अक्षरांचा टॅब मानतात, पायथॉनचा २००१चा शैलीनियम 'पेप ८' चार स्पेस सांगतो. आणि तोच सुरुवातीला बजावतो की नियमाचं खूळ डोक्यात घेऊ नका. हा परिच्छेद मात्र कुणी तोंडपाठ केलेला दिसत नाही.

ए, बी, सी या नावांवरही आक्षेप असतो. नावं अर्थपूर्ण हवीत म्हणे! चार ओळींच्या बेरजेत अर्थपूर्ण नावं घातली, तर बेरीज शोधायला वेगळा प्रोग्राम लिहावा लागेल. चवीपुरतं तळहातावर ठेवलेलं भरीत खायला कुणी ताट-वाटी मागत नाही.

तरी एक्स्टर्नलची बाजू अगदीच लंगडी नाही. नमुना नुसता वाचला जात नाही, उतरवला जातो. 'व्हॉइड मेन' असाच पसरला. सीचं १९८९चं प्रमाण सांगतं, 'मेन'ने पूर्णांक परत करावा. पण टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर 'व्हॉइड' बिनतक्रार चालायचं, आणि जर्नलातून जर्नलात जात ते वर्षानुवर्षं टिकलं. इथे लाल पेन उचलावं, जरूर उचलावं. फक्त एक लक्षात ठेवावं: रिचींच्या पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध पहिल्या प्रोग्रामात 'मेन'मागे ना 'व्हॉइड' ना 'इंट'. ते प्रॅक्टिकलला बसते तर त्यांचेही मार्क कापले गेले असते.

व्हायव्हात शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. "क्लिअर स्क्रीन कशासाठी लिहिलं?" बहुतेक पोरं 'जर्नलात होतं म्हणून' एवढं मनात म्हणतात आणि गप्प राहतात. एक पोरगा म्हणाला, "सर, मांगला पोऱ्यानं उत्तर पुसाले." शंभर टक्के बरोबर. आधीचा त्याच मशीनवर बसून गेलेला असतो आणि त्याची बेरीज पडद्यावर तशीच पडलेली असते. या उत्तराला पैकीच्या पैकी मिळायलाच हवे होते. पण तेवढ्यात सरांची नजर सेमिकोलनच्या आधी चुकून सुटलेल्या स्पेसवर गेली.