फोनांची प्रतवारी

‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार बाकीच्या महाराष्ट्राला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. सांगलीकरांच्या तो पायाखालचा. शहराला लागूनच असलेल्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. २००५च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. माझ्या अण्णांची सगळी उमर मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेली, त्यामुळे पेव हा शब्द ते जपून वापरतात. म्हणूनच मागच्या वर्षी त्यांनी मला साताऱ्याला फोन करून “तायडे, फोनांचं पेव फुटलंय गं” म्हटलं, तेव्हा मला काळजी वाटली.

एकट्या राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दिवसाला सात-आठ फोन. कुणाला विमा विकायचाय, कुणाला कर्ज द्यायचंय, कुणाला वाईजवळचा एनए प्लॉट फक्त त्यांच्यासाठीच राखून ठेवायचाय. दुसरा कुणी असता तर वैतागून फोन बंद करून बसला असता. अण्णांनी लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली.

ती वही मी पुढच्या रविवारी पाहिली. पहिल्या पानावर श्री, खाली पट्टीनं मारलेल्या रेघा आणि रकाने: तारीख, वेळ, नंबर, माल, प्रत, रवाना, निकाल. ‘माल’मध्ये ‘विमा (बाई बोलल्या)’, ‘कर्ज, मंजूर असल्याचे सांगितले, मागितले नव्हते’ अशा नोंदी. ‘प्रत’च्या रकान्यात मात्र यार्डातली भाषा उतरली होती: कणी, गठ्ठा, हळकुंड.

“कणी म्हणजे नुसता कचवट त्रास,” अण्णा समजावू लागले. “जाहिरात करतोय, विकतोय, आपल्याला नको असलं तरी. गठ्ठा म्हणजे ज्याचा वास बरा येत नाही तो. आणि हळकुंड म्हणजे पिकलेली लबाडी. पैसे गेले.”

“हळकुंड किती आली?”

“अजून एकबी नाही. पण रकाना ठेवलाय.”

आता गंमत अशी, की सरकारदरबारीही जवळजवळ हीच प्रतवारी आहे. फक्त नावं वेगळी आणि दारं तीन. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार १९०९वर. फसवणुकीचा संशय आला पण अजून खिशाला हात लागलेला नाही, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, मार्च २०२४पासूनची. आणि पैसे गेलेच तर १९३०. दार चुकलं की अर्ज पडून राहतो, हे अण्णांना तहसील कचेरीच्या अनुभवावरून ठाऊक होतं. त्यामुळे ते रोज संध्याकाळी मला फोन करून विचारायचे, “हे एकोणीसशे नऊला घालू का एकोणीसशे तीसला?”

या आकड्यांचा गोंधळ मिटवला तो त्यांच्या आयर्विन पुलाजवळच्या कट्ट्यावरच्या इतिहासाच्या निवृत्त मास्तरांनी. म्हणाले, सोपं आहे. १९०९ म्हणजे मोर्ले-मिंटो सुधारणा. अर्ज करा, विनंती करा, वाट बघा. १९३० म्हणजे मिठाचा सत्याग्रह, तिथं हयगय नाही. अण्णांना हे एकदम पटलं, कारण आमचं मूळ गाव शिराळ्याकडचं. १९३०चा बिळाशीचा जंगल सत्याग्रह आमच्या घरात तोंडी इतिहास म्हणून नांदतो. तेव्हा तो भाग साताऱ्यातच होता; दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला १९४९मध्ये आणि त्याचं सांगली झालं १९६०मध्ये. “म्हणजे तुला दिली ती वेगळ्या जिल्ह्यात दिलीच नाही,” हे अण्णांचं जुनं वाक्य या निमित्तानं पुन्हा ऐकायला मिळालं. एक फरक मात्र मास्तरांनी बजावून सांगितला. सत्याग्रहाला चार दिवस उशीर झाला तरी चालतो, १९३०ला घटकाभराचाही चालत नाही. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पळत असतो. तो कुठंतरी अडवायचा तर तासाभरात फोन गेलेला बरा.

अण्णांची पहिली तक्रार परत आली. १९०९ला एसएमएस करायचा तर आलेला मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख, मध्ये स्वल्पविराम, बस. अण्णांनी सुरुवात केली होती, “मा. महोदय, सप्रेम नमस्कार, वि. वि.” यंत्राला वि. वि. कळेना. चक्षूवर त्याहून मोठा पेच. तिथं तक्रारदाराच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अण्णा हात मागे घेऊन बसले. “वर्षभर तू मला सांगतीस, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. आणि आता चोराची तक्रार करायला ओटीपी घाल म्हणतीस?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या प्रश्नाइतकं चांगलं नव्हतं.

साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेत, आमच्या सासूबाईंचं शास्त्र निराळं. त्यांना प्रतवारी मान्यच नाही. फोन आला म्हणजे माणूस आला, आणि दारातल्या माणसाला ‘कोण, कुठले’ विचारल्याशिवाय घालवायचं नसतं. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पलीकडचा मुलगा क्रेडिट कार्डाचं सांगत असावा. सासूबाई विचारत होत्या, “कार्ड राहू दे रे बाळा. पगार किती देतात? घरी कोण कोण? लग्न झालं?” कोरेगावच्या त्यांच्या भाचीचं तेव्हा जमायचं होतं. मुलाची उत्तरं सुरुवातीला उत्साही होती, मग तुटक झाली आणि शेवटी त्यानंच फोन ठेवला. मी म्हटलं, “आई, हा साध्या दहा आकडी नंबरावरून आला. जाहिरातीचे फोन १४०पासून सुरू व्हायला हवेत. याची तक्रार करायला पाहिजे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्याच्या चपला रस्त्यावर फेकायला निघाले होते. “पोराची नोकरी जाईल. मालक सोडून त्यालाच धरतील.”

हे वाक्य मला अजून नीट गिळता आलेलं नाही. भीड भिकेची बहीण हे खरं, आणि भामटे याच भिडेवर जगतात हेही खरं. पण सासूबाईंचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. कणीवाल्या फोनाच्या पलीकडे पुष्कळदा एखादं कोवळं पोरगंच असतं, समोर छापील कागद आणि डोक्यावर महिन्याचं टार्गेट घेऊन बसलेलं. मी तरी मनाशी एवढं ठरवलंय, की तक्रार नंबराची असते, पोराची नाही. सासूबाईंना हा भेद मान्य नाही.

खरी अडचण पुढंच आहे. दार बरोबर निवडायचं तर प्रत ओळखायला हवी. प्रत ओळखायची तर ऐकून घ्यायला हवं. आणि आपण ऐकून घ्यावं हीच तर गठ्ठेवाल्याची इच्छा. हळद हातात घेऊन, मोडून, कस बघता येतो. आवाज मोडून बघता येत नाही. अण्णा मात्र बघायचे. “आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल” असा निरोप त्यांना आला, तेव्हा ते हसलेच. “आमचा वायरमन दिवसाउजेडी चार हाका मारल्याशिवाय येत नाही, तो रात्री साडेनऊला कशाला मरायला येतोय?” गठ्ठा. रवाना: चक्षू.

कट्ट्यावरच्या एकांना तर व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला अधिकारी भेटला. तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, खोलीतून हलू नका. असली अटक कायद्यात कुठंच नाही, हे गृहस्थांना ठाऊक नव्हतं. पण ते पडले सांगलीचे. जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, त्या गावचा माणूस घाबरायच्या आधी प्रयोग बघतो. “फौजदाराचं बेअरिंग दुसऱ्याच मिनिटाला सुटलं,” ते कट्ट्यावर सांगत होते. “मागं पडदा हलत होता. आणि एवढा मोठा साहेब ‘प्लीज’ म्हणाला हो!”

याच कट्ट्यावर अण्णांनी एक मोहीमही काढली. फेब्रुवारी २०२५च्या नव्या नियमांत त्यांना दोन गोष्टी भावल्या. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. आणि नोंदणी नसलेल्या एकाच नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या, की कारवाईचा रस्ता मोकळा. कट्ट्यावर नेमके पाच जण. पाची जणांनी फोन मांडीवर ठेवून आठवडाभर वाट पाहिली. पण पाचांना एकाच नंबरावरून फोन यावा एवढी व्यवस्था चोरांकडे नसावी. एका संध्याकाळी तर कुणालाच फोन आला नाही आणि मंडळी जरा खट्टू होऊन घरी गेली.

घोटाळा झाला तो दिवाळीच्या आधी. अण्णांची थोरली बहीण, आमच्या पलूसच्या आक्का. नातवानं त्यांना नवीन सिम घेऊन दिलं आणि त्यांनी पहिला फोन भावाला लावला. “ओळखलंस का?” अशी सुरुवात. आता ‘ओळखलंस का’ हे गठ्ठ्याचं पहिलं लक्षण, हे मीच अण्णांना शिकवलेलं. पुढं आक्का म्हणाल्या, “जरा पैशाचं काम हुतं.” भाऊबीजेला साडी घेऊ नको, पैसेच दे, असं त्यांना सांगायचं होतं. अण्णांनी करड्या आवाजात “तुमचा नंबर नोंदवून घेतलाय” म्हणून फोन ठेवला.

कुठल्या दाराला जायचं, हा प्रश्न आक्कांना पडला नाही. त्यांनी सरळ साताऱ्याला मला फोन लावला.

त्या रविवारी मी सांगलीला गेले तेव्हा अण्णा चष्मा कपाळावर सारून मोबाइलशी झटत होते. वही उघडीच होती. आक्कांच्या ओळीत ‘माल’च्या रकान्यातलं ‘संशयास्पद’ खोडून वर ‘भाऊबीज’ लिहिलेलं, ‘रवाना’मध्ये चक्षू तसंच, आणि ‘निकाल’मध्ये शाईनं: पलूस, समक्ष.

“तायडे,” मान वर न करता अण्णा म्हणाले, “चक्षूवरची तक्रार मागं घ्यायची असली तर ओटीपी लागतो का गं?”