वारं प्यालेले पवनराव

इंग्रज माणूस हवेविषयी बोलतो ते बोलायला दुसरं काही नसतं म्हणून, असं मी ब्रिस्टलला येण्याआधी ऐकून होतो. आमच्या शेजाऱ्यांनी तो समज पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला. साठीचे हे गृहस्थ कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि ओळखपाळख बाजूला ठेवून परसात वाळत घातलेल्या साडीकडे टक लावून बघू लागले. बायको कावरीबावरी झाली.

"नैऋत्येचा आहे," ते म्हणाले. "ताशी पंधरा मैल. पण झोत येतायत. कापड उत्तम आहे हं. लांबी किती?"

"साडेपाच मीटर," मी म्हणालो. एवढं कापड खुशाल वाऱ्यावर सोडणारं घर शेजारी आलं, याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला.

त्या संध्याकाळी बायकोने त्यांचं बारसं केलं : पवनराव. येवल्याला आईशी फोनवर बोलताना मी म्हणालो, आमच्या शेजाऱ्यांच्या अंगात वारं शिरलंय. आईला कमी ऐकू येतं. तिला वाटलं, अंगावरून वारं गेलं. तिने हळहळून महानारायण तेलाचं मालिश सुचवलं. पुढे पवनरावांचा उजवा खांदा पाहिल्यावर सल्ला अगदीच वाया गेला नसता असं वाटलं.

पवनराव काइट बगी चालवतात. तीन चाकं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगलेली झोळीसारखी बैठक. इंजिन नाही. ब्रेक नाही. न्यूझीलंडच्या अ‍ॅशबर्टन गावच्या पीटर लिन यांनी 1990 च्या सुमारास ही सुटसुटीत बगी काढली आणि ती जगभरच्या किनाऱ्यांवर पसरली. वीसेक मीटर दोऱ्यांच्या टोकाला कापडाचा मोठा पतंग असतो, त्याने ओढायचं. दिशा पायांनी पुढचं चाक वळवून द्यायची. थोडक्यात, हात पतंगाला, पाय चाकाला आणि मधला माणूस देवाला.

या बिरादरीत पोटजाती आहेत. एक वेगवाले. ते अमेरिकेत नेव्हाडाच्या सीमेवरच्या इव्हान्पा नावाच्या कोरड्या तळ्याकडे पंढरीसारखे डोळे लावून असतात. तिथे 2012 साली एकाने ताशी 135 किलोमीटरचा वेग गाठला, तोही नुसत्या वाऱ्यावर. दुसरे शर्यतवाले. आणि तिसरे फ्रीस्टाइलवाले. पवनराव तिसऱ्यांतले. वेगवाल्यांविषयी ते बोलतात तेव्हा ख्याल गाणाऱ्याने बँडवाल्याविषयी बोलावं तसा सूर लागतो. "सरळ काय, कोणीही जाईल," म्हणतात.

फ्रीस्टाइल म्हणजे सरळ न जाणं. भरधाव येऊन जागच्या जागी गर्रकन पूर्ण गिरकी घ्यायची. मग उलटं, पाठमोरं जायचं. मग एक मागचं चाक उचलून दोनच चाकांवर चालायचं. आपल्याकडे रिक्षावाले वळणावर हे विनासायास करतात, पण ते त्याला कला म्हणत नाहीत. सगळ्यांवर कळस म्हणजे उडी. वेगात असताना पतंग एका अंगाकडून डोक्यावरून दुसऱ्या अंगाला झटक्यात नेला, की आडवी ओढ उभी होते आणि बगी, तिला पट्ट्याने बांधलेल्या पवनरावांसकट, वर जाते. वर जाण्याचं शास्त्र त्यांनी मला अनेकदा समजावून दिलंय. खाली येण्याचं शास्त्र ते खांद्याला हात लावून थोडक्यात आटोपतात.

मात्र हे सगळं वारा असेल तर. त्यामुळे या खेळाचा बराचसा भाग उभं राहून खेळला जातो. मी त्यांच्याबरोबर वेस्टन-सुपर-मेअरच्या किनाऱ्यावर गेलो, तेव्हा दोन तास आम्ही उभेच होतो. पवनरावांकडे तीन चौरस मीटरपासून बारापर्यंत पाच पतंग आहेत. वारा जितका जास्त, तितका पतंग लहान. पाच चौरस मीटरचा उघडला की वारा पडतो. नऊचा उघडला की घोंघावतो. त्यांच्या पत्नीकडे थंडीचा कोट एकच आहे, हे त्यांनी मला चहा देताना सहज सांगितलं. एकच कोट असलेल्या माणसाला निवड चुकण्याची भीती नसते, हेही सांगितलं.

वारा आला तरी समुद्राची सोय बघावी लागते. ब्रिस्टल खाडीची भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. ओहोटीला समुद्र इतका आत जातो, की तो परत येणार यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. तो येतो. शिवाय वाळू संपून चिखल कुठे सुरू होतो, ते चिखलात गेल्यावरच कळतं. म्हणून पवनरावांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर भरतीचं वेळापत्रक आहे, पंचांगाच्या जागी. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनी त्यावरूनच काढला म्हणतात. लग्न भर भरतीला लागलं, कारण तेव्हा दुसरं काही करता येत नव्हतं.

घरी आल्यावर बेअरिंग. खारी वाळू चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि त्याची भरड करून टाकते. रविवारी रात्री पवनराव ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ती धुतात, पुसतात, कानाशी धरून फिरवतात. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो, तसा चेहरा असतो. माणसांचं ते इतकं लक्ष देऊन ऐकत नाहीत.

या मंडळींची भाषाही वेगळी. एकदा त्यांनी चारचौघांत सांगितलं, "मला सतरा ओबीई आहेत." मी मनात नमस्कार केला, ओबीई म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचा किताब, तो राजाकडून मिळतो. यांचा ओबीई वाऱ्याकडून मिळतो. तो म्हणजे 'आउट ऑफ बगी एक्स्पीरियन्स' : बगी एकीकडे, पतंग दुसरीकडे आणि आपण वाळूवर तोंडघशी. एका किताबाचं प्रशस्तिपत्र त्यांच्या कोपरावर अजून आहे.

त्यांच्या बैठकीत एक जुनं चित्र टांगलेलं आहे : घोड्यांशिवायची गाडी आणि तिला ओढणारे दोन पतंग. हे त्यांचं कुलदैवत, जॉर्ज पोकॉक. ब्रिस्टलचेच शाळामास्तर. 1826 साली त्यांनी पतंगाच्या गाडीचं पेटंट घेतलं. पोरांना छड्या मारण्याचं यंत्रही त्यांनी काढलं होतं म्हणतात. पेशाला जागणारा माणूस. पोटची पोर मार्था हिला त्यांनी पतंगाला बांधलेल्या खुर्चीत बसवून आकाशात चढवलं. ती सुखरूप उतरली, हे क्रिकेटवर उपकार झाले, कारण पुढे तिच्या पोटी डब्ल्यू. जी. ग्रेस जन्माला आला. पण पवनरावांना प्रिय आहे ती टोलची गोष्ट. त्या काळी टोल घोड्यांच्या संख्येवर असे. पोकॉकच्या गाडीला घोडाच नाही. नाक्यावरच्या माणसाने मोजायचं काय? गाडी फुकट पुढे.

"वारा कायम फुकट," पवनराव हे सांगताना डोळे मिचकावतात. मी एकदा हिशेब मांडला. पाच पतंग, बगी, शिरस्त्राण, कमरेचा पट्टा, विमा, ते सगळं वाहून न्यायला मोठी व्हॅन, तिचं पेट्रोल, किनाऱ्यावरचं पार्किंग. पोकॉक मास्तर वाऱ्यावर कुठेतरी पोचायचे आणि टोल वाचवायचे. आमचे पवनराव एवढा खर्च करून किनाऱ्यावर पोचतात, आणि तिथे दिवसभर वाळूवर गोल गोल फिरून संध्याकाळी व्हॅनपाशी परत येतात.

मी तसं बोलून दाखवलं. "मग शर्यतीत का उतरत नाही?"

"शर्यतीत पोचावं लागतं," ते म्हणाले. "आणि पोचलं की उतरावं लागतं."

त्या दिवशी वेस्टनला शेवटी वारा आला, त्यांनी तीन गिरक्या घेतल्या, चौथीला दोऱ्या एकमेकींत अडकल्या आणि अठरावा किताब मिळाला. पवनराव वाळू थुंकत उठले. चार दोऱ्यांचा गुंता बघून त्यांचा चेहरा पडला. पण इथे माझ्यातला येवलेकर जागा झाला. संक्रांतीचे तीन दिवस ज्याचं बालपण आसारी (म्हणजे आमची फिरकी) आणि मांजा यांत गेलं, त्याला गुंत्याचं भय नसतं. मी मांडी ठोकली, टोकं धरली, ओढाताण न करता सैल करत गेलो आणि सुटलेली दोरी अंगठा-करंगळीवर आठाच्या आकड्यात गुंडाळत आणली. पवनराव बघत राहिले. एवढ्या महिन्यांत त्यांनी प्रथमच माझ्याविषयी काही विचारलं.

"तुमच्या गावाला समुद्र आहे?"

"नाही."

"मोठं मैदान?"

"गच्च्या आहेत. सगळं गाव गच्चीवर चढतं."

"मग पतंग धरून जाता कुठे?"

"कुठेच नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथेच."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग आपल्या वाळूने भरलेल्या हाताने माझा हात धरून गदगदा हलवला.

"अरे, मग आधी सांगायचं नाही का," ते म्हणाले. "तुम्ही फ्रीस्टाइलवाले!"