पाहुणे नक्की कोण?

आश्विन लागला की कोकणच्या पुळणींवर दोन जातींचे थवे उतरतात. एक भुऱ्या-राखाडी चिखल्या-तुतवारांचा, दुसरा त्यांच्यावर दुर्बीण रोखणाऱ्यांचा. वर्तमानपत्रातला मथळा मात्र पहिल्यांच्याच वाट्याला येतो: ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’. माझ्या मते तो दुसऱ्यांसाठी राखून ठेवावा. शनिवारी येऊन, सुरमईचे ताट संपवून रविवारी परततो तो पाहुणा. लेसर सँड प्लोव्हर म्हणतात तो चिखल्या ऑगस्टमध्येच हजर होतो आणि एप्रिलपर्यंत फारसा हलत नाही. लडाख-तिबेटच्या पठारावर तो असतो जेमतेम तीनेक महिने, तेही अंडी-पिल्लांपुरते. बाळंतपण आटोपून माहेराहून परतलेल्या सुनेला कोणी पाहुणी म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जन्म तिकडचा, म्हणजे पक्षी तिकडचाच. हा न्याय लावला तर मुंबईच्या प्रसूतिगृहांत जन्मलेल्या कित्येक कोकणवासीयांची शिधापत्रिका रद्द करावी लागेल. दुसरी तक्रार वेशाची. बाकदार चोचीचा तुतवार, म्हणजे कर्ल्यू सँडपायपर, सैबेरियात विटकरी लाल असतो आणि इथे येऊन राखाडी होतो. मग सगळे सारखेच दिसतात आणि पुळणीवर दुर्बीणवाल्यांची भांडणे लागतात. पण घरच्या कपड्यांत वावरणे हाच तर रहिवासाचा पुरावा! शिवाय या तुतवाराची पिल्ले पाहा. आईबाप आधीच निघून आलेले असतात. ती मागाहून, न पाहिलेल्या वाटेने, त्यांच्याशिवाय किनारा गाठतात. किनारी पक्ष्यांच्या अनेक जातींतली अशी पोरे पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत, इथेच राहतात. कोकणातला पावसाळा काढतो तो कोकणी, यावर तरी दुमत नसावे.

माझ्या बाजूला एकच गोष्ट अडचणीची आहे, ती कोरल पक्ष्याची. लांबलचक वाकडी चोच बिळात खुपसून तो कुर्ली ओढून काढतो, झटके देऊन तिचे पाय-नांग्या उडवतो आणि उरलेली गिळतो. नांगी टाकून देणाऱ्याला मालवणी माणूस आपला मानणार नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून तो पाहुणा ठरत नाही. खरे पाहुणे म्हणजे पावसाळी वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेले मास्क्ड बूबी नावाचे समुद्रपक्षी. त्या बिचाऱ्यांना यायचेच नव्हते.

ओहोटीला ही चिखल्या-तुतवार मंडळी चिखलात पांगलेली असतात. भरती चढली की उरलेल्या कोरड्या पट्टीवर एका पायावर उभी राहून डुलक्या काढतात. नेमकी तीच पट्टी काहींना गाडी पळवायला सोयीची वाटते. तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा. वाळूत रुतली तर ढकलायला यांच्यापैकी कोणी उठणार नाही.