थांबणाऱ्यांचा यजमान

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला कालिन्याच्या अंगाने, आठ नंबरच्या गेटापाशी, खासगी विमानांसाठी एक वेगळे टर्मिनल आहे. चित्रतारकांच्या येण्याजाण्याची छायाचित्रे तेथे निघतात, म्हणून वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या वाचणाऱ्यास ते परिचित असते. मात्र त्याच छायाचित्रांच्या कडेला कधीमधी अर्धवट कापला गेलेला, गळ्यात ओळखपत्र, अंगात चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट आणि हातात वॉकीटॉकी असलेला जो इसम दिसतो, त्याची दखल समाजशास्त्राने अद्याप घेतलेली नाही. धंद्यात त्याला ‘हँडलर’ म्हणतात, आणि विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत त्याला जमिनीवर जे जे लागते, म्हणजे उभे राहायला जागा, इंधनाचा टँकर, कस्टम्स-इमिग्रेशनचे सोपस्कार, शौचालयाची टाकी उपसणारी गाडी आणि थर्मासभर कॉफी, ते सर्व जुळवून आणणे हे त्याचे विहित कर्म होय.

विमानाचा मालक हाच हँडलरचा मुख्य पाहुणा, असा जो सर्वसाधारण समज आहे तो टिकणारा नाही. मालक जिना उतरून मोटारीत बसेपर्यंत फार तर चार-पाच मिनिटे जातात. त्यानंतर ‘पाचला निघू’ या आश्वासनावर विसंबून दिवसभर मागे उरतात ते दोन पायलट आणि एखादी केबिन अटेंडंट, आणि खरा पाहुणचार सुरू होतो तो त्यांचा. अमेरिकेत या पाहुणचाराला रोकडा आधार आहे. १९२६च्या एअर कॉमर्स ॲक्टनंतर गावोगाव हिंडणारे वैमानिक एकेका विमानतळावर ठाण मांडून बसले आणि त्यातून ‘एफबीओ’, म्हणजे इंधन विकणारे व विमानांची बडदास्त ठेवणारे ठाणेदार, उदयास आले. इंधन कोणाकडून भरायचे हे तेथे पुष्कळदा पायलटच ठरवतो, त्यामुळे गरम कुकीज, झोपायला अंधारी खोली, गावात फिरायला फुकट मोटार आणि गॅलनामागे बक्षिसाचे गुण अशी आमिषे त्याच्यापुढे मांडली जातात. आपल्याकडे इंधन तेल कंपन्या विकतात, तेव्हा मुंबईच्या हँडलरला गुण वाटण्याची सोय नाही. पायलटाने कंपनीत जाऊन एक बरा शब्द टाकावा, एवढ्या आशेवर त्याला सगळे आदरातिथ्य उभे करावे लागते.

या आदरातिथ्याला सरकारी मर्यादाही आहेत. उड्डाणापूर्वी क्रूच्या श्वासाची तपासणी होते आणि २०२३च्या सुधारित नियमांनी अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा त्यांना वर्ज्य ठरवला, त्यामुळे हँडलरच्या स्वागतपेटीत बडीशेप आणि ओले टॉवेल यांपलीकडे चैनीचे काही उरत नाही. शिवाय अन्नातून विषबाधा झाल्यास दोघे एकदम आडवे होऊ नयेत म्हणून दोन्ही पायलटांनी निरनिराळे जेवण घ्यावे अशी रीत आहे. ती पाळण्यासाठी हँडलर एक बिर्याणी आणि एक पनीर मागवतो. कॅप्टन आपल्या ज्येष्ठतेनुसार बिर्याणी उचलतो, आणि को-पायलट पनीराकडे पाहत हवाई सुरक्षेचे महत्त्व मनोमन मान्य करतो. “जेवलात ना, सर?” हा प्रश्न हँडलर त्यानंतरही ज्या काकुळतीने विचारीत राहतो, ती एरवी फक्त वरपक्षाच्या पंगतीतून फिरणाऱ्या मुलीच्या काकाच्या ठायी आढळते.

त्याचे खरे पांडित्य मात्र पाच वाजल्यानंतर दिसते. मुंबईत उड्डाणाला ‘स्लॉट’, म्हणजे ठरवून मिळालेली वेळ, लागते, गर्दीच्या तासांत खासगी विमानांवर निर्बंध असतात, आणि पायलटांच्या कामाच्या तासांना कायद्याने कमाल मर्यादा असल्याने उशीर फार झाला तर विमान, इंधन आणि साहेब हे तिन्ही तयार असूनही उडवायला माणूस नाही असा प्रसंग ओढवतो. अशा वेळी साहेबांच्या स्वीय सहायकाचा ‘साहेब निघालेत’ हा निरोप साहेबांचे जेवण नुकतेच आटोपल्याचा निदर्शक आहे, हे ओळखून हँडलर स्लॉट तासाभराने पुढे ढकलून घेतो, आणि कॅप्टनला “बस्स, पाचच मिनिटं, सर” असे सांगून चौथ्यांदा चहा पाठवतो. हे असत्य खोटेपणात मोडत नाही, कारण कॅप्टनचाही त्यावर विश्वास नसतो. दोघेही ते शिष्टाचार म्हणून पार पाडतात.

अखेर साहेब येतात, उशिराचे कारण विचारण्याची कोणाची प्राज्ञा नसते, आणि विमान दिसेनासे होण्यापूर्वीच हँडलर बिलाला बसतो. कोट्यवधींच्या विमानाच्या मालकाकडील अकाउंटंट लँडिंग आणि पार्किंगचे आकडे निमूटपणे मान्य करतो आणि बर्फाच्या सहा पिशव्यांवर हरकत घेतो, कारण विमानात दोनच पोचल्याची नोंद असते. हँडलर तात्काळ लेखी खुलासा पाठवतो, की उर्वरित चार पिशव्या साहेबांची वाट पाहण्यात वितळल्या, सबब रक्कम मंजूर व्हावी.