गहाळ

तुकोबांची पालखी अंथुर्ण्यात मुक्कामाला आली की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. हात ठेवायला मात्र उरते, दुसऱ्याच्या खिशात. गेल्या वारीत आमच्या तात्यांच्या बंडीतून मोबाइल गेला. तात्या ठाण्यात गेले. (ठाणं कुठलं, ते विचारू नका, आम्हाला गावात राहायचंय.) अंमलदारांनी मायेनं समजावलं, "तात्या, चोरीला गेला म्हणू नका, गहाळ झाला म्हणा. दाखला लगेच देतो."

काय भाषा आहे आपली! 'चोरी' म्हटलं की चोर आला, चोर म्हटला की तपास आला. 'गहाळ'ला कुणीच लागत नाही. मोबाइल आपणहून बंडीतून उतरला आणि विठ्ठलाच्या ओढीनं निमगाव केतकीच्या वाटेला लागला.

पण तात्या रोज पेपर वाचतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात पीडिताला एफआयआरची प्रत फुकट, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवायचा, ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते कळवायचं, हे त्यांनी घडाघडा सांगितलं. ऑनलाइन तक्रार करून तीन दिवसांत सही केली तरी चालतं. ती तक्रार मोबाइलवरून करायची, एवढीच अडचण.

"सगळं बरोबर," अंमलदार म्हणाले, "पण ते पीडिताला. तुमचं तर नुसतं हरवलंय."

तात्या चोरीवरच अडून बसले, तेव्हा प्रश्न आला, "कितीचा होता?"

"जुना होता. असेल चार हजारांचा."

माळकरी माणूस, खरं बोलून बसला. पाच हजारांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र; मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. म्हणजे खिसेकापूनं आधी मॉडेल पाहून घ्यावं आणि गरिबानं रडतानाही किंमत पाहून रडावं. तात्या गहाळचा दाखला घेऊन घरी आले.

दिवाळीनंतर त्यांच्या विहिरीतली मोटार गेली, केबलसकट. या खेपेला तात्या पावती घेऊनच गेले. अठरा हजार. जुनेपणाचा उल्लेख नाही, 'गहाळ' शब्द नाही. अंमलदारांनी पावती उलटसुलट पाहिली.

"पाण्यातली होती ना? वाहून गेली असेल."

"साहेब, विहिरीतनं?"

अंमलदार विचारात पडले.

"मग तिथंच असेल. नीट बघितलंत का?"